एकोणचाळीस सह्यांचा पुरावा

महाराष्ट्रातल्या शाळांना अब्राहम लिंकन ठाऊक आहे तो एका पत्रामुळे. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून सांगितले जाणारे ते पत्र वसंत बापटांच्या अनुवादामुळे आपल्याकडे घरोघर पोचले. मुख्याध्यापकांच्या खोलीत, शिक्षकदिनाच्या फलकावर, निरोपसमारंभात ते हमखास भेटते. बापटांचे मराठी सुंदर आहे. पण मूळ पत्र लिंकनचे असल्याचा पुरावा नाही. त्याच्या संकलित लेखनात ते सापडत नाही. लिंकनची खरी भाषणे ज्याने वाचली आहेत त्याला हे पत्र वाचताना शंका येतेच, कारण सुभाषितांच्या माळा ओवण्याची त्याला सवय नव्हती. तो वकील होता. विधान केले की त्याच्यामागे नाव, तारीख आणि कागद उभा करायचा, ही रीत त्याच्या हाडीमाशी भिनलेली होती. त्याच्या गद्यातला रस मला तिथे सापडतो. तो पुरेपूर चाखायचा तर २७ फेब्रुवारी १८६० च्या रात्री न्यूयॉर्कच्या कूपर युनियन संस्थेत त्याने केलेल्या भाषणाकडे वळावे लागते.

गेटिसबर्गचे भाषण जगाला पाठ आहे. ते जेमतेम पावणेतीनशे शब्दांचे. कूपर युनियनचे भाषण सात हजारांहून अधिक शब्दांचे आहे आणि त्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे जवळजवळ मतदानाची मोजदाद. पाठ करावी अशी ओळ त्यात शेवटी एखादीच येते. तरीही या भाषणाने इलिनॉयमधल्या एका वकिलाला राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेवर आणून सोडले, आणि ते मोजदादीच्या बळावर. म्हणून त्याचे रसग्रहण करताना आधी वकिलाची ओळख करून घ्यायला हवी.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकीतला. शाळेत घालवलेला सगळा काळ एकत्र केला तरी वर्ष भरणार नाही, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. न्यू सेलममध्ये दुकान काढले ते बुडाले, कर्ज डोक्यावर राहिले. मग पोस्टमास्तरकी, जमिनीची मोजणी. १८३४ मध्ये तो इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून आला. म्हणजे राजकारण आधी, सनद नंतर. जॉन स्टुअर्ट या वकील सहकाऱ्याकडून कायद्याची पुस्तके उसनी आणून तो एकट्याने वाचत राहिला, १८३६ मध्ये त्याला सनद मिळाली आणि पुढच्या वर्षी तो स्प्रिंगफील्डला येऊन वकिली करू लागला.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आपले न्यायालय घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरत आणि वकिलांचा तांडा त्यांच्यामागून जाई. खाणावळीत एकेका खोलीत सगळे दाटीवाटीने झोपत. सकाळी गावात उतरायचे, अशील गाठायचा, दुपारी उभे राहायचे. कर्जवसुली, बांधाचे तंटे, अब्रुनुकसानी, घटस्फोट, डुकरांची नासधूस, आणि पुढे पुढे रेल्वे कंपन्यांचे मोठे दावे. लिंकन आणि त्याचे भागीदार यांच्या नावावर पाच हजारांवर प्रकरणे नोंदली गेली आहेत. ज्यूरीत बसणारे शेतकरी, सुतार, दुकानदार. त्यांच्यापुढे लॅटिन सूत्रे फेकून काही साधत नाही. त्यांना समजेल अशा भाषेत, त्यांना पटेल अशा क्रमाने प्रकरण मांडावे लागते. फिरतीवर असताना तो युक्लिडची भूमिती घेऊन बसे आणि तिचे सहा भाग त्याने जवळजवळ आत्मसात केले होते. सिद्ध करणे म्हणजे नेमके काय, हे त्याला मुळातून समजून घ्यायचे होते.

फिरतीवरचा त्याचा सोबती लेनर्ड स्वेट याने लिंकनच्या वकिलीची एक खूण सांगितली आहे. लिंकन उभा राहिला की प्रतिपक्षाचे मुद्दे एकामागून एक मान्य करत जाई. हे खरे असेल, तेही खरे असेल, इथे माझे विद्वान मित्र बरोबर आहेत. ऐकणाऱ्याला वाटे, या गृहस्थाने अशिलाला वाऱ्यावर सोडले. पण जे मान्य केले त्यावर खटल्याचा निकाल अवलंबून नसे. ज्या एका मुद्द्यावर तो अवलंबून असे, तो लिंकनने मुठीत घट्ट धरलेला असे. त्याला भोळा समजून चालणाऱ्याची पाठ शेवटी खंदकाला टेकलेली असे, असे स्वेट म्हणतो. ही खूण लक्षात ठेवून कूपर युनियनचे भाषण वाचले की त्याची सगळी रचना उलगडते.

याच वकिलीतले एक प्रकरण मात्र मनाला टोचत राहते. १८४७ मध्ये रॉबर्ट मॅटसन नावाच्या केंटकीच्या जमीनदाराने इलिनॉयमधल्या आपल्या शेतावर राबायला गुलाम आणले होते. त्यांतल्या जेन ब्रायंट हिने आपल्या मुलांसह स्वातंत्र्य मागितले. इलिनॉय गुलामगिरीला मान्यता न देणारे राज्य. लिंकन उभा राहिला तो मॅटसनच्या बाजूने. तो हरला, जेन आणि तिची मुले मुक्त झाली. वकिलाने आलेला अशील घ्यावा, हा त्या काळचा शिरस्ता होता, हे खरे. तरी पुढच्या सबंध कहाणीत जेन ब्रायंट कोर्टात कुठे बसली असेल आणि लिंकन कुठे उभा असेल, हे चित्र मला बाजूला सारता येत नाही; आणि या भाषणाच्या रसग्रहणात ते सारूही नये असे वाटते.

१८४७ ते १८४९ या काळात तो अमेरिकन काँग्रेसमध्ये एक मुदत बसून आला आणि मग राजकारणातून अंग काढून पुन्हा वकिलीत बुडाला. त्याला ओढून बाहेर काढले १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या रहिवाशांनी ठरवावे, असा तो कायदा. त्याचा कर्ता इलिनॉयचाच सिनेटर स्टीफन डग्लस. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसलाच नाही. १८५८ मध्ये डग्लस आणि लिंकन यांच्या सात जाहीर वादसभा झाल्या. सिनेटची जागा डग्लसला मिळाली, नाव लिंकनचे झाले. न्यूयॉर्कच्या मंडळींनी व्याख्यानाचे आमंत्रण दिले ते त्या नावामुळे. मानधन दोनशे डॉलर. आधी ठरले होते ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये. तो पूर्वेला पोचल्यावर कळले की जागा बदलून कूपर युनियनची झाली आहे.

तयारीसाठी तो स्प्रिंगफील्डच्या राज्य ग्रंथालयात बसून काँग्रेसच्या जुन्या कामकाजाच्या नोंदी आणि राज्यघटनेवरच्या वादविवादांचे खंड चाळत राहिला. प्रश्न एकच होता. १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्या करणारे एकोणचाळीस जण नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीबद्दल काय समजून होते? त्यांनी काय म्हटले यापेक्षा त्यांनी मत कुठे दिले, हे त्याला हवे होते. साक्षीदाराच्या बोलण्यापेक्षा त्याच्या सहीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा हा शोध आहे.

भाषणाची सुरुवात कोरडीच आहे. आज मी जी तथ्ये सांगणार ती बहुतेक जुनी आणि परिचित आहेत, नवे काही असलेच तर ते मांडणीत, एवढे बोलून तो थेट डग्लसचे एक वाक्य हाती घेतो. १८५९ च्या शरदात ओहायोतल्या कोलंबस इथे डग्लस म्हणाला होता की, ज्या पूर्वजांनी आपले हे शासन घडवले त्यांना हा प्रश्न आपल्याइतकाच, किंबहुना आपल्यापेक्षाही चांगला कळला होता. लिंकन म्हणतो, हे मला पूर्ण मान्य, आणि आजच्या विवेचनासाठी मी हेच वचन घेतो. कीर्तनकार निरूपणाला अभंग घेतो तसे त्याने प्रतिस्पर्ध्याचे वाक्य घेतले आणि पुढच्या तासाभरात तो पुन्हा पुन्हा त्याच चरणावर येत राहिला. पहिल्यांदा ते वाक्य डग्लसचे असते. पाचव्यांदा येते तेव्हा ते दोघांचे झालेले असते. दहाव्यांदा येते तेव्हा ते लिंकनचे झालेले असते आणि डग्लसला आपल्याच शब्दांतून बाहेर पडायला वाट उरत नाही. चढा आवाज नाही, टोमणा नाही. केवळ पुनरावृत्तीतून हे घडते. मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे या पुनरावृत्तीची लय कानाला कळते.

मग तो शब्दांच्या व्याख्या पक्क्या करतो. शासनाची चौकट म्हणजे कोणती? राज्यघटना. ती घडवणारे पूर्वज कोण? तिच्यावर सह्या करणारे एकोणचाळीस जण. प्रश्न कोणता? नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीवर नियंत्रण ठेवायला केंद्र सरकारला घटनेची मनाई आहे का? डग्लस म्हणतो ‘आहे’, आम्ही म्हणतो ‘नाही’. चांगल्या लेखी युक्तिवादात पहिल्या पानावर मुद्दे काढलेले असतात, तसेच हे.

आणि मग मोजणी. १७८४: त्या वेळच्या काँग्रेसपुढे वायव्य प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. पुढे एकोणचाळिसांत आलेले चौघे तिथे होते. शर्मन, मिफ्लिन आणि विल्यमसन यांनी बाजूने मत दिले, मॅकहेन्रीने विरुद्ध. १७८७: वायव्य प्रदेशाचा आदेश झाला, त्यात बंदी आली, आणखी दोघे, ब्लाउंट आणि फ्यू. १७८९: घटना अमलात आल्यानंतरच्या पहिल्याच काँग्रेसने त्या आदेशाच्या अंमलबजावणीचा कायदा केला. त्या सभेत एकोणचाळिसांपैकी सोळा जण बसलेले होते, कोणी विरोध नोंदवला नाही, आणि विधेयकावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही झाली ती जॉर्ज वॉशिंग्टनची. म्हणजे सतरा. पुढे १७९८ मध्ये मिसिसिपी प्रदेशाच्या वेळी तिघे, १८०४ मध्ये लुइझियानाच्या वेळी दोघे, १८१९-२० च्या मिसुरी वादात दोघे.

इथे भाषणातली माझी सर्वांत आवडती जागा येते. लिंकन म्हणतो, ही सगळी बेरीज केली तर तीस होते. चार, दोन, सतरा, तीन, दोन, दोन. सभेतला सामान्य वक्ता इथे थांबला असता. एकोणचाळिसांपैकी तीस, टाळ्या! पण लिंकन आपल्याच बेरजेला हरकत घेतो. यात लँग्डन, शर्मन, फ्यू, किंग आणि रीड हे प्रत्येकी दोनदा धरले गेले आहेत आणि बाल्डविन तीनदा. तेव्हा खरा आकडा तीस नव्हे, तेवीस. त्या तेविसांतले मॅकहेन्री आणि चार्ल्स पिंकनी हे दोघे विरुद्ध बाजूचे. राहिले एकवीस. एकोणचाळिसांत एकवीस म्हणजे स्पष्ट बहुमत, आणि ते शपथेवर जबाबदारीने दिलेल्या मतांचे. उरलेल्या सोळा जणांबद्दल मतांची नोंद नाही. म्हणून तो त्यांना या बहुमतात ओढत नाही. फ्रँकलिन, हॅमिल्टन आणि गव्हर्नीर मॉरिस हे त्या काळचे ठळक गुलामगिरीविरोधक यांत होते, साउथ कॅरोलिनाच्या रटलेजचा अपवाद असू शकेल, एवढे सांगून तो पुढे जातो. हातचे सात सोडून देऊन त्याने जो विश्वास कमावला, त्याची किंमत त्या सातांपेक्षा फार मोठी होती. ऐकणाऱ्याला कळून चुकते की हा माणूस स्वतःच्या फायद्याची चूकही चालवून घेत नाही. मग उरलेला हिशेब तपासायची गरज त्याला वाटत नाही.

पूर्वजांना मानायचे तर किती, हेही तो सांगतो आणि ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी जे केले तेच डोळे मिटून करत राहा, असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर मधल्या काळातला सगळा अनुभव आणि सगळी सुधारणा टाकून द्यावी लागेल. पूर्वजांची वाट सोडायची असेल तर पुरावा मात्र निर्णायक हवा. आणि ज्याला मनापासून वेगळे वाटते त्याने तसे जरूर म्हणावे. पण ज्यांना इतिहासाची पुस्तके मिळत नाहीत आणि वाचायला फुरसत नाही, अशांना चुकीची गोष्ट खरी म्हणून सांगायचा त्याला अधिकार नाही. वर्षभरही शाळा न पाहिलेला माणूस हे बोलतो आहे. पुस्तक हाती नसलेल्यांची बाजू घेताना त्याचा स्वर किंचित कठोर होतो. पहिल्या भागात असे एकदाच घडते.

दुसरा भाग दक्षिणेकडच्या लोकांना उद्देशून आहे. ते ऐकणार नाहीत हे गृहीत धरून तो बोलतो, तरी समोर बसलेल्याशी बोलावे तसा नीट बोलतो. तुम्ही म्हणता आम्ही एका प्रांताचा पक्ष आहोत, आम्ही नाकारतो, म्हणजे वादाचा मुद्दा निघाला आणि सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर. कोर्टातली ही भाषा तो उघडपणे वापरतो. हार्पर्स फेरी इथे जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध केलेल्या उठावाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि लिंकनच्या रिपब्लिकन पक्षावर चिथावणीचा आरोप होता. लिंकन विचारतो, आमचा एक तरी माणूस त्यात सापडला का? सापडला असेल तर नाव सांगा, नसेल तर जे सिद्ध होत नाही ते बोलत राहणे अक्षम्य आहे.

तुमचा राष्ट्राध्यक्ष आला तर आम्ही फुटून निघू आणि फुटीचे पाप तुमच्या माथी, या धमकीला तो वाटमाऱ्याचा दाखला देऊन उत्तर देतो. वाटमाऱ्या कानाशी पिस्तूल रोखून म्हणतो, पैसे दे, नाहीतर तुला ठार करीन आणि मग खुनी तू ठरशील! दोन वाक्यांत धमकीतला खोटेपणा उघडा पडतो. इथे सभा हसली असणार. पण लिंकन विनोद ताणत नाही. लगेच पैसे मागणे आणि मत मागणे यांतले साम्य सांगून तो पुढे सरकतो.

ड्रेड स्कॉट निकालावरचा परिच्छेद कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. सर्वोच्च न्यायालयावर तो आग ओकत नाही. निकाल विभागलेल्या पीठाचा आहे, निसटत्या बहुमताचा आहे, आणि मुख्य म्हणजे तो वस्तुस्थितीबाबतच्या एका चुकीच्या विधानावर उभा आहे, एवढेच तो म्हणतो. गुलाम ही मालमत्ता आहे असे घटनेत स्पष्टपणे आणि उघडपणे म्हटले आहे, असे न्यायमूर्ती म्हणतात. उघडून पाहा, लिंकन सांगतो. गुलाम वा गुलामगिरी हा शब्द घटनेत कुठेही नाही. त्या संदर्भात मालमत्ता हा शब्दही नाही. जिथे गुलामाचा उल्लेख सुचवला आहे तिथे त्याला व्यक्ती म्हटले आहे, आणि मालकाच्या हक्काचा उल्लेख आहे तो देय असलेली सेवा किंवा श्रम, म्हणजे एक देणे म्हणून. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत शिरू नये म्हणून हे मुद्दाम केले गेले, आणि त्या काळची कागदपत्रे तसे दाखवतात. चूक दाखवून दिल्यावर न्यायमूर्ती आपले विधान मागे घेतील अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही का, असे तो शांतपणे विचारतो.

तिसरा भाग आपल्याच पक्षाशी आहे, आणि इथे भाषेचा पोत बदलतो. वाक्ये आखूड होतात. या लोकांचे समाधान कशाने होईल? प्रदेश त्यांना देऊन टाकले तर? नाही. उठावांशी आमचा संबंध नाही हे पटवले तर? नाही. गुलामगिरी वाईट आहे असे म्हणणे थांबवून ती चांगली आहे असे आपणही म्हणू लागलो, तरच. सगळा वाद या एका गोष्टीवर येऊन ठेपतो की ते तिला योग्य मानतात आणि आपण अयोग्य. पाऊण भाषणभर जे जे सोडता येईल ते सोडत आलेल्या वकिलाने मुठीत धरलेला मुद्दा हा. गुलामगिरी जिथे आज आहे तिथे तिला हात लावणार नाही, ही कबुली तो देतो. तिला बरोबर म्हणण्याची कबुली मात्र देत नाही. शेवटच्या ओळींत सत्याच्या बाजूला सामर्थ्य असते यावर विश्वास ठेवून कर्तव्य करायला तो सांगतो. तिथवर पोचेपर्यंत इतका पुरावा साचलेला असतो की तो शेवट ऐकताना आवेशापेक्षा निष्कर्षच कानावर पडतो.

सभागृहात सुमारे पंधराशे लोक होते. अध्यक्षस्थानी कवी-संपादक विल्यम कलन ब्रायंट. वक्त्याचा नवा सूट प्रवासात चुरगळलेला, आवाज चिरका आणि उंच, हातपाय लांबलचक. त्याच दिवशी मॅथ्यू ब्रॅडीने त्याचे छायाचित्र काढले होते, ते पुढे निवडणुकीत देशभर गेले. सभेनंतर लिंकन ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या कचेरीत जाऊन आपल्या भाषणाची मुद्रिते तपासत बसल्याची आठवण नोंदलेली आहे. दुसऱ्या दिवशी सबंध भाषण छापून आले. मे महिन्यात शिकागोच्या अधिवेशनात तिसऱ्या फेरीला त्याची उमेदवारी ठरली आणि नोव्हेंबरात तो निवडून आला.

मधल्या काळात चार्ल्स नॉट आणि सिफस ब्रेनर्ड या न्यूयॉर्कच्या दोघा तरुण वकिलांनी या भाषणाची टिपांसह आवृत्ती काढायचे ठरवले. प्रत्येक मत, प्रत्येक तारीख मूळ कागदांशी ताडून पाहताना त्यांना आठवडे लागले. एकेका साध्या वाक्यामागे किती शोध दडला आहे याचे आश्चर्य त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने नोंदवले. भाषेत काही सुधारणा सुचवल्या तेव्हा लिंकनने कळवले की वाक्य सफाईदार करायला हरकत नाही, अर्थ मात्र हलता कामा नये.

आता या भाषणातली उणीव. सात हजार शब्दांत गुलाम कुठे आहे? वाद काँग्रेसच्या अधिकाराचा आहे, पूर्वजांच्या मतांचा आहे, उत्तर आणि दक्षिणेच्या नात्याचा आहे. ज्याच्या पाठीवर चाबूक पडतो तो माणूस इथे घटनेतल्या ‘व्यक्ती’ या उल्लेखापुरता येतो आणि जातो. दोनच वर्षांपूर्वी इलिनॉयमधल्या चार्ल्सटन इथे लिंकनने गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समतेला आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले होते. राजकीय सोय म्हणून हे माफ करून टाकणे मला जमत नाही. पुराव्याच्या पद्धतीची ही मर्यादा आहे. कागदावर ज्याचे मत नोंदलेले नाही, तो मोजणीत येत नाही.

पुढची पाच वर्षे लिंकन याच मर्यादेशी झगडला असे त्याचे नंतरचे लेखन वाचताना दिसते. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा निव्वळ कायदेशीर दस्तऐवज आहे. लुइझियानातले वगळलेले तेरा परगणे त्यात नावानिशी आहेत. सेनापती म्हणून उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळात मिळणाऱ्या अधिकारापलीकडे ती एक पाऊल टाकत नाही, कारण कोर्टात टिकली नाही तर मुक्त झालेला माणूस पुन्हा बेडीत जाईल. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती त्यासाठीच हवी होती. ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला संमत झाली आणि वर्षअखेरीस अमलात आली. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केले, ते हे काम तडीस नेल्याबद्दल.

४ मार्च १८६५ चे दुसऱ्या शपथविधीचे भाषण सातशे शब्दांचे आहे. युद्ध जिंकत आले असताना त्यात विजयाचा शब्द नाही. गुलामगिरी ‘दक्षिणेची’ असेही तो म्हणत नाही, ती अमेरिकेची. दोन्ही बाजू एकाच देवाची प्रार्थना करतात आणि दोन्ही बाजू देणेकरी आहेत. देणे कसले? गुलामांच्या अडीचशे वर्षांच्या बिनमोबदला कष्टांचे, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाचे. कूपर युनियनमध्ये त्याने दाखवले होते की घटनेच्या भाषेत गुलाम हा मालकाचे देणे लागणारा माणूस आहे. पाच वर्षांनी त्याने खाते उलटे लिहिले. आता येणेकरी गुलाम आहे आणि देश ऋणको. पूर्वी वगळलेला माणूस या हिशेबात मुख्य पक्षकार होऊन उभा राहतो. जेन ब्रायंटच्या खटल्यापासून इथवर यायला त्या वकिलाला अठरा वर्षे लागली.

त्या दिवशी श्रोत्यांत फ्रेडरिक डग्लस होता. सिनेटर डग्लसशी आडनावापलीकडे त्याचा काही संबंध नाही. हा गुलामीतून पळून आलेला, अमेरिकेतल्या थोर वक्त्यांपैकी एक. संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेला तर पहारेकऱ्यांनी त्याला दारातच अडवले. निरोप आत पोचल्यावर लिंकनने त्याला बोलावून घेतले आणि भाषण कसे वाटले ते सर्वांसमक्ष विचारले. तो एक पवित्र प्रयत्न होता, असे डग्लसने सांगितले. सहा आठवड्यांच्या आत लिंकनचा खून झाला.

१४ एप्रिल १८७६ ला वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा प्रमुख भाषण याच फ्रेडरिक डग्लसचे होते. सुरुवातीला तो जे जे विरुद्ध म्हणता येईल ते म्हणतो. लिंकन हा मुख्यतः गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता; आम्ही त्याची सावत्र लेकरे; कट्टर गुलामीविरोधकांच्या जागेवरून पाहिले तर तो मंद होता, थंड होता, उदासीन होता. हे सगळे देऊन झाल्यावर तो आपला एक मुद्दा पुढे करतो. ज्या देशाच्या मतावर त्याला चालावे लागत होते, त्या देशाच्या मापाने पाहिले तर तो वेगवान होता, तळमळीचा होता, निश्चयी होता. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसले होते, स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांच्या वर्गणीतून आला होता, आणि बोलणाऱ्याने आपल्या अशिलावरचे सगळे आरोप आधी स्वतःच वाचून दाखवले होते.